नाव न देणाऱ्या सुभद्राक्का

सुभद्राक्का कॉम्प्युटरसमोर बसल्या की आधी पदराने चष्मा पुसायच्या, मग खुर्ची पुढे ओढायच्या आणि पडद्यावरची वाकडी अक्षरं मोठ्याने वाचायला लागायच्या. ओल्या भिंतीवर कोळशाने लिहावं आणि वरून कोणीतरी हात फिरवावा, तशी ती अक्षरं. एकमेकांत घुसलेली, मधून आडवी रेघ मारलेली. खाली इंग्रजीत सूचना असायची की आपण मनुष्य आहात याची खात्री पटावी म्हणून वरची अक्षरं टाइप करा. त्या टाइप करायच्या. पान पुन्हा यायचं, नवी वाकडी अक्षरं घेऊन. त्या पुन्हा टाइप करायच्या. इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवणारी, विद्यापीठाचे पेपर तपासणारी ही बाई, आणि एक यंत्र तिचा पेपर तपासून तिला रोज संध्याकाळी नापास करायचं.

"काय गे राजी," त्या मान न वळवता म्हणायच्या, "मी मनुष्य आहें कीं नाहीं, तूंच सांग ह्याला."

मी सांगायचे. यंत्राला माझंही पटायचं नाही.

आम्ही तंजावूरला मेल वीथीच्या एका बोळात समोरासमोर राहायचो. त्यांचं तळघराइतकं थंड खालचं घर, आमची वरची खोली. माझे अप्पा बस कामगारांच्या युनियनचं काम करायचे आणि आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. पाहुणा आला की त्याला बसायला एक गठ्ठा सरकवायचा, ही आमची रीत. तमिळ अक्षरं मी त्या गठ्ठ्यांवरच शिकले. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी बारीक टाइपात छापणाऱ्याचं नाव असे, आणि अप्पांनी मला शिकवलं होतं की ज्याच्याखाली नाव नाही ते वाचू नये. निनावी पत्र भेकडाचं. ज्याला बोलायचं आहे त्याने तोंड दाखवून बोलावं. मी यावर वाढले. म्हणून सुभद्राक्कांचं ते रोज कॉम्प्युटरवरून, नाव लपवून, जगाच्या दारावर टकटक करणं मला सुरुवातीला अजिबात आवडलं नव्हतं, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलंही होतं.

त्यांनी माझ्यापुढे मुरुक्कूची, म्हणजे तांदळाच्या चकलीची, ताटली सरकवली आणि म्हणाल्या, "तुझ्या अप्पांना नोकरीवरून काढलें तर युनियन येते. मला काढलें तर कोण येईल? तूं?"

"येईन की."

"ये हं. येतांना सायकलीत हवा भरून ये."

नाव न देणं ही त्यांची जुनी सवय होती. तंजावूरात तेव्हा कोणतीही बाई हेल्मेट घालत नसे. सुभद्राक्का मोपेडवर पूर्ण तोंड झाकणारं, काळ्या काचेचं हेल्मेट घालायच्या. उन्हासाठी, असं त्या सांगायच्या. गंमत अशी की त्यामुळेच सगळं गाव त्यांना ओळखायचं. भाजीवाली लांबूनच हाक मारायची, हेल्मेट मिस आल्या म्हणून. उघड्या तोंडांच्या गावात एकच झाकलेलं तोंड असलं की ते सगळ्यांत ठळक दिसतं. हे मी तेव्हा हसून बघत असे. पुढे त्याचं हसू राहिलं नाही.

ती वर्षं अशी होती की ज्याला त्याला आपलं नाव हवं होतं. बाजारात काचांची मोठी कापड दुकानं उघडली. दीपावळीला दारातच पेटी ठेवलेली असे, आणि नाव, पत्ता, मोबाइल नंबर चिठ्ठीवर लिहून टाकला की फ्रिज मिळण्याची आशा. मोबाइल नुकते स्वस्त झाले होते, नंबर देण्यात लोकांना मिरवल्यासारखं वाटे. माझ्या आईने स्वतःची, अप्पांची, माझी, आणि वारलेल्या आजीचीसुद्धा चिठ्ठी टाकली. सुभद्राक्कांनी नावाच्या जागी लिहिलं 'गिऱ्हाईक' आणि पत्त्याच्या जागी 'आपल्या दुकानाच्या दारात'. दुकानातला पोऱ्या म्हणाला की असं चालणार नाही, मॅडम. त्यांनी त्याला तमिळमध्ये शांतपणे विचारलं की साडी तू विकतोस, मी घेते, यात माझ्या बापाचं नाव कुठून आलं? फ्रिज कुणालाच मिळाला नाही. आईला मात्र कित्येक वर्षं प्लॉट, कर्ज आणि पित्ताच्या गोळ्यांचे संदेश येत राहिले. आजीलाही यायचे.

तर असं सगळं हसण्यावारी चाललं असतं. पण मध्ये सेल्वीचं प्रकरण झालं.

आमच्या बाजूला त्या काळात इंजिनिअरिंग कॉलेजं भाताच्या शेतांतून उगवत होती. ओरत्तनाडूच्या रस्त्याला, पापनाशमच्या रस्त्याला. गेल्या पोंगलला जिथे कापणी पाहिली तिथे या पोंगलला सिमेंटची कमान आणि पिवळ्या बसांची रांग. सरकारने हात काढून घेतला होता, ज्याच्याकडे जमीन होती तो शिक्षणमहर्षी झाला होता. या कॉलेजांची एक रीत होती, जी बाहेरच्या कोणाला सांगितली तर खरी वाटत नाही. मास्तर नोकरीला लागला की पहिल्या दिवशी त्याने आपली सगळी मूळ प्रमाणपत्रं, दहावीपासून एमएस्सीपर्यंत, ऑफिसात जमा करायची. तपासणीसाठी, असं म्हणत. ती परत मिळत नसत. सोडून जायचं म्हटलं की सत्र संपल्यावर बघू. सत्र संपलं की पुढची परीक्षा झाल्यावर बघू. मूळ प्रमाणपत्रांशिवाय दुसरीकडे कोणी उभं करत नाही. म्हणजे माणूस मोकळाच फिरतो, त्याच्या पायातला दोर तेवढा ऑफिसात बांधलेला.

सुभद्राक्कांनीही दिली होती. "अस्क्यांनी दिलीं, मींही दिलीं," असं त्या म्हणायच्या. 'अस्के' म्हणजे सगळे. आमच्या तंजावुरी मराठीत हा शब्द अजून रोजच्या वापरात आहे, आणि त्यामागे लपायला तो बराही पडतो.

सेल्वी त्यांच्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिला सरकारी पॉलिटेक्निकमध्ये नेमणूक मिळाली. हजर व्हायला मूळ कागद लागत होते. कॉलेजने दिले नाहीत. करस्पाँडंट, म्हणजे आमच्याकडे संस्थेचे जे मालक-चालक असतात त्यांना हे म्हणतात, ते गावाला गेले होते. मग आजारी होते. मग त्यांच्या नातीचं कान टोचणं होतं. तोवर नेमणुकीची मुदत गेली. सेल्वी सुभद्राक्कांच्या ओसरीत येऊन बसली, कॉफी पुढ्यात निवून गेली, आणि ती एवढंच म्हणत राहिली की आई सगळ्यांना सांगून बसली आहे, आता तिला काय सांगू.

मी वरून खाली धावले. पत्रक काढू म्हटलं. मी लिहिते, माझं नाव घालते, उद्या बस स्टँडवर वाटते.

सुभद्राक्का म्हणाल्या, "पत्रकावर नांव तुझें. कागद सेल्वीचे. विस्तव एकाच्या घरांत लावायचा आणि सही दुसऱ्याची?"

पण गप्प बसायचं नाही हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. त्या वेळी सगळ्या देशातली मुलं आणि आईबाप एक वेबसाइट बघायचे. कोणतं कॉलेज कसं आहे हे तिथे कोणीही लिहू शकतो, अशी तिची जाहिरात होती. जूनमध्ये प्रवेश सुरू होण्याआधी, नव्या मास्तरांनी कागद जमा करण्याआधी, तिथे ही गोष्ट लिहिलेली दिसली पाहिजे. आणि ती कोणी लिहिली हे कळता कामा नये, कारण कळलं तर सेल्वीचे आणि तिच्या मैत्रिणींचे कागद कायमचे गेले. एवढंच त्यांना हवं होतं. फार नव्हतं.

ब्राउझिंग सेंटरमध्ये, म्हणजे सायबर कॅफेत, गेलं तर ओळखपत्र मागायचे. घरची जोडणी तर त्यांच्याच नावावर. मग एका कॉम्प्युटर मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवर त्यांना ते सापडलं: आपला पत्ता झाकून इंटरनेटवर फिरवणारं एक जाळं. जगभरच्या अनोळखी लोकांनी आपापली यंत्रं त्यासाठी उघडी ठेवलेली. मला ते कळेना. तेव्हा त्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. पत्र एका पाकिटात घाल, ते दुसऱ्यात, ते तिसऱ्यात. बाहेरचं पाकीट पापनाशमचा माणूस उघडतो. त्याला मी कोण ते कळतं, पण आत काय ते नाही. तो आतलं पाकीट कुंभकोणमच्या माणसाकडे देतो. त्याला दोन्ही कळत नाही. तो मायावरमच्या माणसाकडे देतो. तो पत्र वाचतो, पोचवतो, पण कोणी लिहिलं ते त्याला ठाऊक नसतं. फरक इतकाच की हे पापनाशम स्वीडनमध्ये असतं आणि मायावरम रुमानियात.

"आणि जिला पत्र मिळतें ती साइट?"

"तिला वाटतें रुमानियाची बाई आली."

तिथेच तर सगळं अडलं. रुमानियाच्या बाईला कोणी दारात उभं करत नव्हतं.

नेहमीच्या वेबसाइटा त्यांच्याशी रुमानियन बोलायच्या. दुसऱ्या दिवशी जर्मन. सुभद्राक्कांना पाचसहा भाषांत 'चूक' हा एकच शब्द वाचता येऊ लागला. तंजावूरच्या मे महिन्यात त्यांना बर्फाच्या बुटांच्या जाहिराती दिसायच्या. पान उघडायला इतका वेळ लागायचा की त्या मध्ये उठून तांदूळ धुवून येत. परत येऊन बसाव्यात, पान वरून खाली उतरत असावं, आणि करंट जावा. बऱ्याच ठिकाणी तर अक्षरंसुद्धा न विचारता सरळ पाटी असायची की आपल्या पत्त्यावरून संशयास्पद हालचाल दिसते आहे. त्यांच्या ईमेलच्या कंपनीने एकदा त्यांना त्यांच्याच पेटीबाहेर काढलं. कोणीतरी परदेशातून तुमच्या खात्यात शिरू पाहत होतं, म्हणे. ते तुम्हीच होतात का? त्यांनी 'हो'वर दाबलं. तर मग मोबाइल नंबर द्या, म्हणजे खात्री करतो. त्या हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. मला म्हणाल्या, "चोर कोण तें विचारलें. मी म्हटलें मीच. तरी म्हणतो जामीन आण."

एक गोष्ट त्यांना फार लागली. कुणीही यावं आणि सुधारावं असा डंका असलेला एक ज्ञानकोश इंटरनेटवर आहे. त्यात कोणीतरी ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्रम हा राजवाडा असल्याचं लिहिलं होतं. सुभद्राक्कांचं आजोळ तिथलं. तो राजवाडा नव्हे, मराठी राजांनी वाटसरूंसाठी बांधलेलं छत्र आहे, इतकी एक ओळ त्यांना बदलायची होती. ज्ञानकोशाने बदलू दिली नाही. या पत्त्यावरून पूर्वी कोणी वात्रटपणा केला असल्याने हा पत्ता बंद आहे.

मी म्हटलं, जाळं काढा आणि साधं जाऊन बदला, एका ओळीसाठी कशाला हट्ट. त्यांनी चष्मा काढला.

"त्या छत्रांत जेवायला बसणाऱ्याला नांव विचारीत नव्हते, राजी. पान वाढीत. माझी आजी सांगायची. आणि त्याच छत्राबद्दल एक ओळ लिहायला मला नांव मागतात."

त्यांचं म्हणणं एकतर्फी नव्हतं. या वाटेने चोर जातात, शिवीगाळ करणारे जातात, हे त्या कबूल करायच्या. मग म्हणायच्या की चोर रात्रीच्या बसनेही जातात, म्हणून कोणी बस बंद केली नाही.

त्यांनी त्यांचा मजकूर इंग्रजीत लिहिला. जेमतेम एक परिच्छेद. मला वाटलं होतं की त्यात आग असेल. त्यात फक्त एवढं होतं की या संस्थेत शिक्षकांची मूळ प्रमाणपत्रं घेतली जातात आणि मागितल्यावर दिली जात नाहीत, नव्याने येणाऱ्यांनी ती देऊ नयेत, आणि जिथे शिकवणारा अडकवून ठेवलेला असतो तिथे शिकणाऱ्याने विचार करून जावं. सेल्वीचं नाव नाही, विषय नाही. कागद कुठे ठेवतात, कोणत्या खोलीत, कोण कारकून, काही नाही. मी म्हटलं हे फारच कोरडं झालं. त्या म्हणाल्या, ज्यावरून माणूस सापडेल ते सगळं गाळलं, जे उरलं तेवढंच सिद्ध करता येतं.

तो परिच्छेद घेऊन त्या रोज संध्याकाळी त्या वेबसाइटच्या दाराशी जात आणि परत येत. कधी वाकडी अक्षरं, कधी संशयास्पद हालचाल, कधी सगळं भरून झाल्यावर शेवटी कोरं पान.

आणि त्याच आठवड्यांत सेल्वीने येऊन सांगितलं की कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रॅक्टिकलच्या तासाला बसवून त्याच वेबसाइटवर खाती उघडायला लावली. फळ्यावर वाक्यं लिहून दिली होती. उत्तम सुविधा, प्रेमळ शिक्षक, हिरवागार परिसर. प्रत्येकाने त्यातली दोन निवडून लिहायची आणि इंटर्नलचे मार्क घ्यायचे. मुलांकडे मोबाइल होते, मोबाइलवर आकडे आले, आकडे घातले, वेबसाइटने सगळ्यांना आत घेतलं. वर प्रत्येकाच्या नावापुढे खात्री झाल्याची हिरवी खूण.

मी तेव्हा जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यातलं अप्पांचं ते वाक्य सैल व्हायला लागलं. नावानिशी लिहिलेलं खोटं आत जाऊन बसलं होतं आणि बिननावाचं खरं बाहेर पायरीवर. छापणाऱ्याचं नाव तळाशी असलं की पत्रक खरं, हे मी कुठल्या जगात शिकले होते?

मेच्या शेवटी एका संध्याकाळी तो परिच्छेद आत गेला. का गेला, कोण जाणे. कदाचित त्या दिवशी पाकिटं एखाद्या अशा मायावरमहून गेली असतील जिथे अजून कोणी वात्रटपणा केला नव्हता. पान आलं आणि त्यावर त्यांचा मजकूर होता, लेखक म्हणून 'अनामिक'. सुभद्राक्कांनी तो दोनदा वाचला, एक स्वल्पविराम राहिल्याचं म्हणाल्या, आणि उठून अंबट भाजी केली. आम्हाला वर वाटीभर पाठवली. इतकी आंबट की अप्पा डोळे मिटून जेवले.

करस्पाँडंटांना ते कळायला वेळ लागला नाही. त्यांनी सगळ्या शिक्षकांना सभागृहात बोलावलं. पुढचं मला सेल्वीने सांगितलं, सुभद्राक्कांच्याच ओसरीत, त्यांच्या समोर. ती बोलताना कॉफीचा टंबलर नुसता फिरवत होती.

पांढरा शर्ट, लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी, करस्पाँडंट नेहमीसारखे हसतमुख. पडद्यावर प्रोजेक्टरने तो परिच्छेद मोठा करून दाखवला होता. ते म्हणाले की आपण कुटुंब आहोत. कोणी लिहिलं ते मी विचारणार नाही. तुम्हीच आता एकेक जण पुढे येऊन या खोट्याला आपल्या नावाने उत्तर द्या. टेबलावर कॉम्प्युटर ठेवला होता आणि शेजारी काय लिहायचं त्याचा टाइप केलेला नमुना. विभागाविभागाने सगळे गेले. भौतिकशास्त्र गेलं. रसायनशास्त्र गेलं. सेल्वी एवढंच म्हणाली, रसायनशास्त्र गेलं, आणि थांबली. मग गणिताची पाळी आली.

सुभद्राक्का म्हणाल्या की माझं खातं नाही. कारकून म्हणाला, सोपं आहे मॅडम, मोबाइल नंबर घाला, आकडा येईल. त्या म्हणाल्या, नंबर मी कोणाला देत नाही. सगळ्यांना ठाऊकच होतं. साडीच्या दुकानाची गोष्ट स्टाफरूममध्ये कितीतरी वेळा हसून झाली होती.

करस्पाँडंट म्हणाले, "यात लपवण्यासारखं काय आहे, मॅडम?"

त्या म्हणाल्या, "माझ्या सर्टिफिकेटांत तरी लपवण्यासारखं काय आहे, सर? तीही कुठं दिसत नाहीत."



इतक्या पाकिटांत घातलेलं, इतक्या देशांतून फिरवलेलं पत्र. त्याचा माग कोणी काढला नाही, काढायची गरजही पडली नाही. सगळ्यांना आपापलं नाव लिहायला लावलं आणि जिने लिहिलं नाही ती सापडली. ते काळं हेल्मेट मला तेव्हा आठवलं.

सेल्वी गेल्यावर मी भडकले. हिच्यासाठी तुम्ही एवढं केलंत आणि ही जाऊन सही करून आली. सुभद्राक्का मुरुक्कूचा डबा बंद करत होत्या. म्हणाल्या, "तिची आई तिच्या जिवावर आहे. माझ्या जिवावर कोण आहे? तूं अंबट भाजी खातेस तेवढीच." मग त्यांनी कॉम्प्युटर लावला. ती सगळी उत्तरं तिथे आली होती, नावांनिशी, हिरव्या खुणांसकट. त्यांनी चष्मा पुसून वाचायला सुरुवात केली, आणि अर्ध्यावर आल्यावर हसायला लागल्या. मला ओढून दाखवलं.

प्रत्येक उत्तरात एक वाक्य होतं: ऑफिसातलं हिरवं लोखंडी कपाट फक्त स्टेशनरीसाठी आहे.

"मी कपाट लिहिलेंच नव्हतें," त्या म्हणाल्या.

खरंच नव्हतं. त्यांनी मुद्दाम गाळलं होतं. कोणी न विचारलेल्या कपाटाचा खुलासा झाडून सगळ्यांनी केला होता, कारण नमुना सांगणाऱ्याच्या मनात कागद ठेवलेलं ते कपाट होतं आणि लिहिणाऱ्यांपैकी कोणी मूळ परिच्छेद नीट वाचलाच नव्हता. आयुष्यभर पेपर तपासलेली बाई ती. सामूहिक कॉपी अशीच पकडतात, त्या म्हणाल्या, बरोबर उत्तरांवरून नाही, सगळ्यांनी केलेल्या एकाच चुकीवरून. डोळे असलेल्या कोणालाही हा पुरावा पुरला असता. तो वेबसाइटच्या पानावरच पडलेला होता.

फक्त ते वेबसाइट चालवणाऱ्यांच्या नजरेस आणायचं होतं. तक्रारीच्या पानाने वाकडी अक्षरं विचारली. मग पुन्हा विचारली. मग म्हणालं की तक्रार करण्यासाठी खात्री झालेलं खातं हवं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या नावाने, माझ्या नंबराने तक्रार केली, कपाटाची गोष्ट नीट समजावून. चार दिवसांनी उत्तर आलं की आपला या संस्थेशी संबंध नसल्याने आपल्या तक्रारीचा विचार करता येत नाही. त्याच आठवड्यात सुभद्राक्कांचा परिच्छेद काढून टाकला. कारण दिलं होतं: गैरवापर होणाऱ्या जाळ्यावरून आलेला मजकूर, ज्याला खात्री झालेल्या अनेक सदस्यांनी आक्षेप घेतला आहे. कपाटाची वाक्यं राहिली. माझ्या माहितीप्रमाणे ती अजून आहेत.

कॉलेजने त्यांना वैयक्तिक कारणासाठी राजीनामा द्यायला सांगितलं. त्यांनी कागद मागितले. कागद सापडत नाहीत, असं कळलं.

मग एक शेवटची थट्टा बाकी होती. विद्यापीठाकडून दुसरी प्रत मिळते, पण त्यासाठी आधी पोलीस ठाण्यात लिहून द्यावं लागतं की माझी प्रमाणपत्रं माझ्याकडून हरवली. ठाण्यातला माणूस भला होता. बसमध्ये हरवली असं लिहा मॅडम, सगळे तसंच लिहितात, म्हणाला. मीही म्हणाले, लिहा. अप्पांनी शिकवलेलं सगळं विसरून म्हणाले. सुभद्राक्कांनी पेन खाली ठेवलं. हरवली नाहीत, ठेवून घेतली आहेत, असं लिहून घेता का, त्यांनी विचारलं. ते त्याला लिहून घेता येत नव्हतं. तसं लिहायचं तर कोणी ठेवली ते आलं, आणि करस्पाँडंटांच्या नातीच्या कान टोचण्याला ठाण्यातलेही जेवून आले होते.

आम्ही चालत परतलो. मोपेड असूनही त्या चालल्या. वाटेत एकदाच बोलल्या: "नांव लपवलें तें खरें बोलायला. खोटें बोलायला नांव देऊं?"

आता त्यांचं वय नोकरी शोधण्याचं राहिलेलं नाही. पापनाशमला बस स्टँडजवळ एका ट्यूशन सेंटरमध्ये त्या गणित शिकवतात. तिथे कोणी प्रमाणपत्रं मागत नाही. बाहेरच्या फलकावर सेंटरच्या मालकाचा फोटो आहे, गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो आहेत, शिकवणाऱ्याचं नाव नाही. मी हे त्यांच्याविषयी मराठीत लिहिते आहे आणि त्यांना देवनागरी वाचता येत नाही. वाचून दाखवीन तेव्हा नक्की म्हणतील की फार तिखट झालं.

गेल्या महिन्यात कुंभकोणमला जाताना मी मध्ये उतरून त्यांना भेटले. वर्ग सुरू व्हायचा होता, मुलं बाकांवर येत होती. एक बाप आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी सुभद्राक्कांची जुनी विद्यार्थिनी. मार्क चांगले पडले होते, प्रवेशाच्या कौन्सेलिंगला जायचं होतं, आणि पहिली पसंती होती ती त्याच कमानीच्या कॉलेजाला. मिसचा आशीर्वाद घ्यायला आले होते.

सुभद्राक्कांनी त्यांना सगळं सांगितलं. न लपवता, क्रमाने. त्या बोलत होत्या तोवर मुलगी चपलेच्या टोकाने जमिनीवर रेघ ओढत होती. शेवटी त्या म्हणाल्या, कोणी विचारलं तर माझं नाव सांगा, मी सांगितलं म्हणून सांगा.

बाप सभ्य होता. त्याने पिशवीतून ब्राउझिंग सेंटरमधून छापून आणलेली, टाचलेली पानं काढली आणि संकोचाने पुढे केली. "पण मिस, इथं तर तिथल्या स्टाफनेच लिहिलंय. नावं आहेत सगळ्यांची."

त्यांनी पदराने चष्मा पुसला. पानं उलटली. एका ठिकाणी बोट थांबलं. मी खांद्यावरून पाहिलं, सेल्वीचं नाव होतं.

"मी ओळखते सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "चांगली माणसं आहेत."

त्यांनी पानं परत दिली. बापलेक नमस्कार करून निघाले. माझीही बस लागली होती, मी धावतच जाऊन चढले. खिडकीतून सेंटरची उघडी खोली दिसत होती. सुभद्राक्कांनी गोळ्यांच्या डबीतून स्वतःचा खडू काढला होता आणि फळ्यावर लिहीत होत्या. मला वाटलं आजचं गणित असेल. ते त्यांचं नाव होतं. मोठं, सरळ, अक्षराला अक्षर न चिकटलेलं, मध्ये एकही रेघ नसलेलं. पहिल्या बाकावरच्या मुलांनी निमूटपणे वहीत उतरवून घ्यायला सुरुवात केली. बापलेक तोवर रस्ता ओलांडून गेले होते.